बत्तीस पावलांवरची खूण

हाउगस्टाड सरांना ड्रम कोरचा इतका राग होता, की उन्हाळ्यात लांब कुठे नुसता ढोल वाजला तरी ते गाडीच्या काचा वर करून घ्यायचे. हार्मन क्रीकच्या हायस्कुलात चोवीस वर्षं बँड शिकवलेला माणूस. त्यांच्या मते शाळेचा बँड म्हणजे संसार आणि कोर म्हणजे संसार टाकून पळून जाणं. दीडशे पोरापोरींनी घरदार सोडायचं, बसमधून गावोगाव हिंडायचं, परक्या शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपायचं, दिवसभर उन्हात बारा बारा तास कवायत करायची आणि संध्याकाळी कुठल्यातरी स्टेडियमवर वाजवून गुण मिळवायचे, याला ते संगीत म्हणत नसत. त्यात पुन्हा कोरमध्ये फक्त पितळी वाद्यं आणि ढोल. क्लॅरिनेटला प्रवेशच नाही. सरांच्या बँडमध्ये एकोणीस क्लॅरिनेट होती, त्यामुळे हा अपमान ते व्यक्तिशः घेत.

पोराला ‘कोर लागतो’ असं ते म्हणायचे, जसं एखाद्याला ऊन लागतं. त्याची लक्षणंही त्यांनी शोधून ठेवली होती. पोरगं ऑगस्टमध्ये परत येतं ते मनगटापर्यंत गोरं आणि त्याच्या वर भाजलेलं, कारण हातात मोजे असतात. बादलीएवढी पाण्याची बाटली घेऊन हिंडतं. दर वाक्याची सुरुवात “आमच्या कोरमध्ये” अशी करतं. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे ते चुकीच्या जागी उभं राहतं. बाकीचा बँड मैदानावर रंगवलेल्या पांढऱ्या खुणेवर आणि हे शहाणं खुणेच्या चार पावलं अलीकडे.

हे शेवटचं लक्षण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या पोरांत. तिघांतला सगळ्यात हुशार ब्रेंट ओस्टरहाउट, ट्रम्पेटवाला. आठ वर्षांपूर्वी तो कोरमधून आला आणि सरावाच्या पहिल्याच दिवशी रांगेच्या पुढे चार पावलांवर एकटा खांबासारखा उभा राहिला. सर मैदानाकडेच्या मनोऱ्यावर होते. भोंगा तोंडाला लावून त्यांनी त्याला मागे जायला सांगितलं. ब्रेंट म्हणाला, सर, मी बरोबर आहे, पावलं मोजून आलोय. साठ पोरांसमोर असं म्हणाला. सरांनी त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. पुढच्या शुक्रवारी फुटबॉलच्या मध्यंतरात सगळ्या बँडचा विचका झाला आणि त्यातही ब्रेंट सगळ्यांपासून वेगळाच उभा. सोमवारी सरांनी त्याला जे काही सुनावलं, ते ऐकून क्लॅरिनेटवाल्या पोरी रडल्या म्हणे. ब्रेंट रडला नाही. त्याने ट्रम्पेट पेटीत ठेवलं, गणवेश घडी करून टेबलावर ठेवला आणि शेवटचं वर्ष बँडशिवाय काढलं. पुढे तो गावातच फेरिसच्या हार्डवेअरच्या दुकानात लागला. सर दर ऑगस्टला मैदान आखायचा रंग त्याच्याकडूनच घ्यायचे. दोघं हवापाण्याबद्दल बोलायचे, आणि तेही जपून.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ॲडी ब्रुग्मन.

ॲडी डुकरं पाळणाऱ्या ब्रुग्मनांची मुलगी. ट्यूबासारखं अवजड पितळी वाद्य खांद्यावर घेऊन अशी चालायची की जणू रिकामी पिशवी घेऊन बाजारात निघालीय. तिने खालचा सूर धरला की सगळा बँड त्याच्यावर निवांत बसायचा. गेल्या मार्चमध्ये ती सरांच्या खोलीत आली आणि हेरन्स नावाच्या कोरसाठी शिफारसपत्र मागू लागली. सरांनी पत्र दिलं. त्यात एकच ओळ होती: ‘ॲडेलीन वेळेवर येते.’ हेरन्सवाल्यांनी पत्र बाजूला ठेवलं, ट्यूबा ऐकला आणि तिला घेतलं.

मग सरांनी नियम काढला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या बँडचं शिबिर असतं, आणि कोरचा दौरा ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. ज्याचं शिबिर बुडलं, त्याला या वर्षी ठिपका नाही. ठिपका म्हणजे मैदानावरची आपली जागा. प्रत्येक पोराच्या गळ्यात दोरीला बांधलेली एक वही असते, तीत कुठल्या ठेक्याला कुठे उभं राहायचं ते लिहिलेलं असतं. ठिपका नाही म्हणजे तुम्ही बँडमध्ये नाही. ॲडीचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. तिने नियम ऐकून घेतला, “बघू या सर” म्हणाली आणि जूनमध्ये निघून गेली.

आता सरांच्या हातात तीन ट्यूबा उरले होते. एक पोरगं ट्यूबापेक्षा बारीक होतं, दुसऱ्याला दमा होता आणि तिसरा मुळात सॅक्सोफोनवाला, जबरदस्तीने आणलेला. शेवटची धून वाजली की खालचा सूर असा यायचा, जसं तळघरात कुणीतरी टेबल सरकवतंय. ॲडीशिवाय या वर्षी स्पर्धेत आपलं काही खरं नाही, हे सरांना कळून चुकलं होतं. पण नियम त्यांचाच, आणि हाउगस्टाड घराण्यात शब्द मागे घ्यायची पद्धत नव्हती. त्यांच्या वडिलांनी एकदा एका शेजाऱ्याशी न बोलण्याची शपथ घेतली होती आणि ती शेजाऱ्याच्या अंत्यविधीतही पाळली होती.

अशात शिबिराच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी, खुद्द हेरन्स कोरचा मुक्काम हार्मन क्रीकच्या शाळेत पडला. मुख्याध्यापकांनी परस्पर होकार दिला होता. सर सकाळी आले तर जिमपुढे बसगाड्यांची रांग, आणि आत फरशीवर दीडशे गाद्या. शाळेची सफाई आणि किल्ल्या सांभाळणारी व्हर्ला मॅटसन दारातच भेटली.

“सर, तुमच्या सवती आल्यात,” ती म्हणाली. “फार गुणी पोरं आहेत हो. स्वतःच्या हाताने झाडून काढलं. तुमची पोरं कधी झाडतात का?”

फुटबॉलच्या कोचने मुख्य स्टेडियम द्यायला साफ नकार दिला होता, कारण म्हणे सामने सुरू होईपर्यंत गवताला विश्रांती हवी. म्हणून शाळेमागचं सरावाचं मैदान कोरला गेलं आणि सरांच्या एकसष्ट पोरांना मोटारी उभ्या करायच्या डांबरावर पाठवण्यात आलं. एवढंच नाही, मैदानाकडेचा सरांचा मनोराही कोरची कवायत-शिक्षिका चढून बसली. केशिया नाव, वय असेल चोवीस, डोक्यावर सुपाएवढी टोपी, आणि गालाला चिकटवलेला माइक. चोवीस वर्षं ज्या उंचीवरून सरांनी शेळ्या हाकल्या होत्या, तिथे आता ही बसली होती, तीही सरांच्या खुर्चीवर.

पण सरांच्या डोक्यात एक बेत शिजत होता. कोर आयता दारात आलाय, ॲडी आयती घराजवळ आलीय. दोन महिने फरशीवर झोपून आणि सामानाच्या ट्रकमागे उभ्याने शेंगदाण्याच्या लोण्याचा ब्रेड खाऊन पोरगी कंटाळली असणारच. तिला ट्यूबांची प्रमुख करायचं, नियमाला एक पोटनियम जोडायचा, आणि उद्या बस निघेल तेव्हा तिची पिशवी इथेच राहील असं बघायचं. वडिलांची शपथ मोडत नव्हती, फक्त जरा वाकत होती. साडेअकराला ते गावातल्या खाण्याच्या टपरीवर गेले आणि तिच्या आवडीचं तळलेलं पोर्क टेंडरलॉइन बांधून घेतलं, पावाच्या चारही बाजूंनी वीतभर बाहेर आलेलं. ती कागदाची पिशवी धरून ते मैदानाच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

कुंपणाला त्यांची एकसष्ट पोरं आधीच चिकटलेली होती. जेवणाची सुट्टी होती, पण कुणी जेवत नव्हतं. सर त्यांना हाकलणार होते, तेवढ्यात आत कोर हलला, आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दीडशे माणसं मागे सरकत होती आणि एकाचंही डोकं वरखाली होत नव्हतं. ट्यूबांच्या रांगेत डावीकडून तिसरी ॲडी. तिचा सूर त्यांनी डोळे मिटूनही ओळखला असता. त्यांना अभिमान वाटला आणि वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला.

मग केशियाने थांबवलं. ट्यूबा कुठे चाललेत, ती म्हणाली, आकृती फाटतेय, पुन्हा. पुन्हा केलं आणि पुन्हा फाटली. अर्धे ट्यूबा एका ठिकाणी, अर्धे चार पावलं मागे. तिसऱ्यांदा तेच झालं. सरांना जरा बरं वाटू लागलं. हे बघा, ते शेजारच्या क्लॅरिनेटवालीला म्हणाले, हे तुमचे महान लोक.

तेव्हा ॲडीने हात वर केला. मैदानावर सगळं चिडीचूप होतं, त्यामुळे तिचं बोलणं कुंपणापर्यंत नीट ऐकू आलं.

“मॅडम, आम्ही चुकत नाहीये. खुणा चुकल्यात.”

केशिया खाली उतरली. मैदानाच्या पुढच्या कडेपासून पावलं मोजत निघाली. कवायतीचं पाऊल ठरलेल्या मापाचं असतं, पाच यार्डांत आठ. या पोरांचे पाय म्हणजे मोजपट्टीच. अठ्ठाविसाव्या पावलाला ती थांबली आणि तिच्या पायाखाली नुसतं गवत होतं. पांढऱ्या खुणांची रांग आणखी चार पावलं पुढे होती. तिने मागच्या कडेकडूनही मोजलं. तिथेही तेच. मग ती पुन्हा मनोऱ्यावर चढली आणि माइकवर अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“ऐका. ज्या कुणी इथे रंग मारलाय, त्याने विद्यापीठाचं मैदान आखलंय. तिथे खुणा बत्तीस पावलांवर असतात, हायस्कुलात अठ्ठावीसवर. खुणा विसरा, पायावर विश्वास ठेवा.”

“हो मॅडम,” दीडशे गळ्यांतून एकच आवाज आला. आणि पुढच्याच खेपेला आकृती अशी जुळली, की तिच्यामधून जाणारी ती पांढऱ्या खुणांची रांग कुणीतरी चुकून टाकलेल्या कचऱ्यासारखी दिसू लागली.

रंग कुणी मारला होता, हे कुंपणावरच्या एकसष्ट पोरांना माहीत होतं. ती एकेक करून सरांकडे बघायला लागली.

अकरा वर्षांपूर्वी शाळेचा जुना माळी निवृत्त झाला आणि तेव्हापासून सर दर ऑगस्टला स्वतः गुडघ्यावर बसून त्या खुणा मारत आले होते. मोजायला त्यांना पुस्तक लागत नव्हतं. विद्यापीठाच्या बँडमध्ये चार वर्षं ट्रॉम्बोन वाजवताना बत्तीस हा आकडा त्यांच्या हाडांत शिरला होता. म्हणजे अकरा वर्षं त्यांची पोरं आठवडाभर चुकीच्या मैदानावर घोटून घ्यायची आणि शुक्रवारी स्टेडियमवर बरोबर आखलेल्या मैदानात जायची. निम्मी पोरं खुणा बघायची, निम्मी पायांच्या सवयीवर जायची आणि विचका व्हायचा. त्याचं खापर सरांनी आजवर दिव्यांवर फोडलं, वाऱ्यावर फोडलं, पोरांच्या घाबरटपणावर फोडलं. परीक्षक दर वर्षी लिहून द्यायचे की तुमची आकृती मध्येच चेपते. सर म्हणायचे, परीक्षकांना चष्मा हवा.

आणि कोर लागलेली ती तीन पोरं चार पावलं अलीकडे उभी राहायची, कारण ती मोजून चालायची. चुकीच्या मैदानावर बरोबर उभी राहायची, म्हणून शिव्या खायची. बरोबर मैदानावरही बरोबर उभी राहायची, आणि बाकी सगळे ढळलेले असल्यामुळे एकटी पडून पुन्हा शिव्या खायची. ब्रेंटला मारायला लावलेल्या पाच फेऱ्या त्यांना एकदम मोजता आल्या.

पाणी प्यायला सुट्टी झाली तशी ॲडी कुंपणापाशी आली. मनगटापर्यंत गोरी, त्याच्या वर भाजलेली.

“मला ठाऊक नव्हतं सर,” ती म्हणाली. “म्हणजे ते तुम्ही आखलंय हे ठाऊक होतं, पण चुकलंय हे आत्ता कळलं. तीन वर्षं मी शुक्रवारी चुकायचे. तुम्ही म्हणायचात मी घाबरते. मला वाटायचं, असेल, घाबरत असेन.”

सरांनी जे भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक वाक्यही आता वापरण्यासारखं उरलं नव्हतं. त्यांनी कागदाची पिशवी कुंपणावरून पुढे केली.

“हे कशाबद्दल?” ॲडीने विचारलं.

“तुला फितवायला आणलं होतं,” सर म्हणाले. “आता नुसतंच खा.”

तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि मग सरांकडे. “मला ठिपका आहे का सर? सोळा तारखेला आमचं संपतं. मी सतराला येऊ शकते. नसेल तर तसं सांगा, मी वाट बघत बसणार नाही.”

वरून केशियाची शिट्टी झाली आणि उत्तराची वाट न पाहता ॲडी पिशवी बाकावर ठेवून पळाली. सर तिथून सरळ गाडीत जाऊन बसले. व्हर्ला झाडू हातात घेऊन बघत होती. तिने विचारलं, सर, कुठे निघालात. रंग आणायला, ते म्हणाले. ती म्हणाली, रंग तर आठवड्यापूर्वीच आणलात की, संपला कसा. सरांनी गाडी सुरू केली.

फेरिसच्या दुकानात ब्रेंट काउंटरवर होता. पांढऱ्या रंगाचे डबे त्याच्या मागच्याच फळीवर होते. त्याने एरवीसारखा सहा डब्यांचा खोका काढायला हात वर केला.

“दोनच दे,” सर म्हणाले. “आणि हिरवा दे थोडा. जुनं झाकायला.”

“हिरवा कधी नेत नाही तुम्ही.”

“खुणा हलवायच्यात. चार पावलं अलीकडे.”

ब्रेंटचा हात फळीवरच थांबला. दुकानात एक म्हातारा खिळे निवडत होता, तोही थांबला, कारण आमच्या गावात कुणी असं बोलायला लागलं की खिळे निवडता येत नाहीत.

“तू बरोबर उभा होतास,” सर म्हणाले. “दोन्ही वेळेला. मी चुकलो होतो. आणि तुझं शेवटचं वर्ष मी घालवलं.”

ब्रेंटने डबे खाली उतरवले. एक, दोन, मग हिरवा.

“सात वर्षं मी तुम्हाला तो रंग विकतोय,” तो शेवटी म्हणाला. “दर वेळेला वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, जाऊ दे, पुन्हा फेऱ्या मारायला लावतील.”

“लावल्या असत्या,” सर म्हणाले.

ब्रेंट हसला नाही, पण त्याचा चेहरा सैल झाला. त्याने काउंटरखालून शंभर फुटी टेप काढून डब्यांवर ठेवली. मग सरांकडे नीट पाहिलं, टेप पुन्हा उचलून स्वतःच्या खिशात घातली आणि मालकाला आत हाक मारून सांगितलं की संध्याकाळी येतो. हे काम सरांच्या एकट्याच्या भरवशावर टाकण्यासारखं नाही, असं तो म्हाताऱ्याला उद्देशून म्हणाला. म्हाताऱ्याने मान डोलावली.

चार वाजता कोर जेवायला गेला आणि मैदान मोकळं झालं. ब्रेंटने टेप धरली आणि सर गुडघ्यावर बसले. कडेपासून त्रेपन्न फूट चार इंच, ब्रेंट म्हणायचा, आणि सर खूण मारायचे. मग चार पावलं पुढे जाऊन जुनी खूण हिरव्याने झाकायचे. पाच-सहा खुणा झाल्यावर सरांची पोरं डांबरावरून हळूहळू मैदानात आली आणि न सांगता हिरव्याचा डबा घेऊन मागच्या बाजूच्या खुणा झाकू लागली. तो जबरदस्तीचा ट्यूबावाला मध्येच म्हणाला, म्हणजे आपण वाईट नव्हतो तर. सरांनी मान वर केली नाही. “तू आहेस,” ते म्हणाले, “बाकीचे नव्हते.” पोरं इतकी हसली की ब्रेंटच्या हातातली टेप सुटली.

ॲडी जेवण उरकून आली तेव्हा निम्म्या खुणा झाल्या होत्या. तिच्या हातात ते गार झालेलं टेंडरलॉइन होतं, अर्धं खाल्लेलं. ती नव्या खुणेवर येऊन उभी राहिली, खाली पाहिलं आणि पायाने अंतर अजमावलं.

सर गुडघ्यावरूनच तिच्याकडे वळले. खिशातून आकृतीचा घडी केलेला कागद काढला. एकसष्ट ठिपक्यांवर नावं होती. ट्यूबांच्या रांगेत दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पेन्सिलने एक ठिपका काढलेला होता आणि त्यावर नाव नव्हतं.

“हा सोमवारीच काढला होता,” सर म्हणाले. “नियम करून झाल्यावर. सतरा तारखेपर्यंत तिथे भोक राहील. पोरं भोक सोडून चालतील.”

“आणि मी आल्यावर?”

“तू आल्यावर मोजून उभी राहा. बाकीचे तुला धरून उभे राहतील.”

ॲडीने खिशातून पेन्सिल काढली, कोरमधल्या पोरांकडे ती असतेच, आणि त्या ठिपक्यावर आपलं नाव लिहिलं. मग उरलेलं टेंडरलॉइन ब्रेंटच्या हातात दिलं. ब्रेंटने टेप तिच्याकडे दिली आणि सर पुढच्या खुणेकडे सरकले.